शंभरपैकी शून्य : उमेदवाराची पर्यावरण गुणपत्रिका वापरताना

दर दोन वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की ॲरिझोना राज्यातल्या आमच्या फिनिक्समधल्या घरी टपालाने मतपत्रिका येते. कागदाच्या दोन्ही बाजूंना सिनेटपासून शाळा मंडळापर्यंतच्या पदांसाठी नावे छापलेली असतात, काही नावांपुढे पक्ष लिहिलेला असतो, आणि त्यापलीकडे त्या माणसाविषयी एक अक्षरही नसते. ज्या शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस रोजचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४३ अंश सेल्सियसच्या खाली आले नाही, आणि ज्या मारिकोपा काउंटीत त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले, तिथल्या मतदाराला उमेदवाराची पर्यावरणविषयक भूमिका ठाऊक असणे ही हौसेची बाब नाही. ती भूमिका शोधण्यासाठी मी गेली अनेक वर्षे एक मोफत सेवा वापरते आहे. लीग ऑफ कन्झर्व्हेशन व्होटर्स या संस्थेचे ‘नॅशनल एन्व्हायर्नमेंटल स्कोअरकार्ड’, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या प्रत्येक सदस्याची पर्यावरणाच्या विषयातली गुणपत्रिका, ती ही सेवा. इथे नव्याने नागरिक झालेली मराठी मंडळी तिच्याबद्दल वरचेवर विचारतात, म्हणून तिच्या गुणदोषांविषयी जरा सविस्तर लिहिते आहे.

ही संस्था १९७० सालची. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली, डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, अस्तित्वात आली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्वच्छ हवा कायद्यावर सही झाली. कायदे असे एकापाठोपाठ येत असताना सभागृहात त्यांच्या बाजूने कोण उभे राहते आणि विरोधात कोण जाते, याची नोंद सर्वसामान्य मतदाराला वाचता येईल अशा स्वरूपात कुणीतरी ठेवायला हवी होती, आणि ते काम या गुणपत्रिकेने अंगावर घेतले. पद्धत सोपी आहे. वीसेक पर्यावरण आणि निसर्गसंवर्धन संस्थांमधले जाणकार एकत्र बसून वर्षभरातली महत्त्वाची मतदाने निवडतात. त्यांत ऊर्जा, हवामान बदल, सार्वजनिक आरोग्य, सरकारी जमिनी, वन्यजीव आणि पर्यावरणाच्या योजनांसाठीचा निधी असे विषय येतात. सदस्याने पर्यावरणाच्या बाजूने किती वेळा मत दिले, भागिले एकूण निवडलेली मतदाने, आणि जे उत्तर येईल ते शंभरपैकी गुण. वर्षाचे गुण वेगळे दिलेले असतात आणि संपूर्ण कारकिर्दीचे वेगळे.

मांडणीबद्दल तक्रारीला जागा नाही. सदस्याचे नाव शोधले की त्याचे पान उघडते. वर मोठ्या अक्षरांत टक्के असतात आणि खाली एकेका मतदानाची ओळ असते: विषय काय होता, त्याने कोणत्या बाजूने मत दिले, ती बाजू पर्यावरणाच्या हिताची होती की विरोधी. ओळीवरून पुढे गेले की त्या मतदानाची पार्श्वभूमी चार-सहा वाक्यांत वाचायला मिळते. कायद्याची भाषा न येणाऱ्या माणसालाही ती समजते. जुन्या वर्षांच्या गुणपत्रिकाही जपून ठेवलेल्या आहेत, आणि माझ्या मते या सेवेतला सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे, कारण उमेदवाराचे भाषण याच वर्षीचे असते, पण त्याचे मत वीस वर्षांपूर्वीचेही सापडते.

अडचण सुरू होते ती वरच्या त्या मोठ्या आकड्यापासून. आम्हा दोघी बहिणींना नागरिकत्व मिळाल्यावर २००८ ची निवडणूक ही आमची पहिली. जेवणाच्या टेबलावर मी गुणपत्रिकेची छापलेली पाने पसरून बसले होते. आमच्याच राज्याचे सिनेटर जॉन मकेन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. ताईने त्यांचे पान ओढून घेतले, कारकिर्दीचे २४ टक्के पाहिले, मग २००७ च्या रकान्यात शून्य पाहिले आणि म्हणाली, “पस्तीसलाही पोचले नाहीत गं हे, आणि यंदा तर भोपळा. म्हणजे नापासच की.” आपण ज्या शाळांमधून आलो, तिथे टक्के म्हणजे अंतिम निकाल असतो आणि पस्तीसच्या खाली बोलण्यासारखे काही उरत नाही. त्या रात्री मी तिच्याशी सहमत होते. पुढची काही वर्षे ही पाने काळजीपूर्वक वाचत गेल्यावर माझे मत बदलले. ते कसे बदलले हे सांगितले, की या सेवेचे बरेचसे परीक्षण आपोआप होते.

आधी त्या शून्याकडे पाहू. २००७ साली सिनेटची १५ मतदाने गुणपत्रिकेसाठी निवडली होती. मकेन त्या पंधराही वेळा गैरहजर होते, कारण ते प्रचारात होते. या गुणपत्रिकेच्या नियमाप्रमाणे गैरहजेरी म्हणजे विरोधी मत. त्याच कारणाने त्या वर्षी हिलरी क्लिंटन यांचे गुण ७३ वर आणि बराक ओबामा यांचे ६७ वर उतरले होते, जरी दोघांचेही कारकिर्दीचे गुण ऐंशीच्या पुढे होते. म्हणजे मकेन यांनी पंधरा वेळा पर्यावरणाच्या विरोधात हात वर केला, असा त्या शून्याचा अर्थ नाही. पंधरा वेळा ते तिथे नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होते. ‘नाही’ म्हणणारा आणि ‘नव्हता’ असा, या दोघांना एकाच रकान्यात बसवणे मला पहिल्यांदा लबाडीचे वाटले होते.

पण सिनेटचे नियम समजून घेतल्यावर या कठोरपणामागचे तर्कशास्त्रही दिसू लागते. १३ डिसेंबर २००७ रोजी ऊर्जा विधेयकावरची चर्चा संपवून पुढे जायचे की नाही यावर मतदान झाले. मोठ्या तेल कंपन्यांच्या करसवलती काढून तो पैसा अक्षय ऊर्जेकडे वळवण्याची तरतूद त्या मसुद्यात होती. चर्चा संपवण्याच्या अशा ठरावाला, ज्याला तिथे ‘क्लोचर’ म्हणतात, एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे ६० मते लागतात, मग सभागृहात हजर कितीही असोत. त्या दिवशी ५९ विरुद्ध ४० अशी मते पडली. शंभरांपैकी गैरहजर होता तो एकच सदस्य, आणि ते मकेन होते. एका मतासाठी ती तरतूद गेली, आणि तिच्याशिवायचे विधेयक त्याच दिवशी ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाले. जिथे आकडा साठावर बांधलेला असतो तिथे न येणारा माणूस परिणामाच्या दृष्टीने ‘नाही’ म्हणणाऱ्याच्याच पंगतीत बसतो. त्यामुळे अशा मतदानापुरता गुणपत्रिकेचा नियम मला रास्त वाटतो. साध्या बहुमताने निकाल लागतो तिथे मात्र गैरहजेरीने दोन्ही बाजूंचे गणित बदलते आणि तोच नियम अन्यायकारक होतो. या दोन प्रकारांत गुणपत्रिका फरक करत नाही. गैरहजेरी वेगळ्या खुणेने दाखवलेली असते, पण ती खूण शोधायला पानाच्या खालपर्यंत जावे लागते आणि वरच्या टक्क्यांत तिचा मागमूस राहत नाही. माझी या सेवेबद्दलची पहिली ठोस तक्रार ही आहे. गैरहजेरीचा आकडा टक्क्यांच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवा.

आता त्या शून्याने काय झाकले ते. ज्या सिनेटरला शून्य मिळाले, त्यानेच सिनेटर जो लीबरमन यांच्यासोबत हरितगृह वायूंवर राष्ट्रव्यापी मर्यादा घालणारे विधेयक सिनेटमध्ये मतदानापर्यंत नेले होते. ३० ऑक्टोबर २००३ रोजी ते ४३ विरुद्ध ५५ मतांनी पडले आणि २००५ मध्ये पुन्हा आणले तेव्हा ३८ विरुद्ध ६० मतांनी पडले. त्या काळी रिपब्लिकन पक्षात राहून हे करणे सोपे नव्हते. मे २००८ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंड इथे पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात उभे राहून त्यांनी २०५० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीच्या ६० टक्के खाली आणण्याची भूमिका मांडली. ओबामांचे उद्दिष्ट ८० टक्क्यांचे होते. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवार उत्सर्जनावर कायदेशीर मर्यादा हवी असे म्हणत होते, आणि वाद तिच्या प्रमाणावर होता. नंतरच्या निवडणुकांची चर्चा ऐकताना हे कुणाला खरे वाटणार नाही. पण त्याच मकेन यांनी जूनमध्ये समुद्रातल्या तेलविहिरींवरची केंद्रीय बंदी उठवण्याची मागणी केली, आणि निवडणूक हरल्यानंतर २००९-१० मध्ये उत्सर्जन मर्यादेची विधेयके आली तेव्हा ते त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत. ही सगळी ये-जा, त्यातले धाडस आणि त्यातली माघार, ‘२४’ या आकड्यात मावत नाही आणि ‘०’ मध्ये तर नाहीच.

गोष्ट तिथेही संपत नाही, आणि मला या माणसाचे पान पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते ते पुढच्या प्रसंगामुळे. सरकारी जमिनींवरच्या तेल आणि वायूच्या विहिरींमधून मिथेन वाया जाऊ नये यासाठी त्या जमिनी सांभाळणाऱ्या इंटीरियर खात्याने २०१६ च्या अखेरीस नियम केला होता. १९९६ च्या एका कायद्यानुसार असा ताजा नियम संसदेला साध्या बहुमताने रद्द करता येतो, तिथे साठ मतांची अट नसते, आणि एकदा रद्द झाला की तशाच धर्तीचा नियम खात्याला पुन्हा करता येत नाही. १० मे २०१७ रोजी हा प्रस्ताव सिनेटपुढे आला. बरोबरी झाली असती तर उपराष्ट्राध्यक्षांचे निर्णायक मत नियमाच्या विरोधात पडले असते. मकेन यांनी ‘नाही’ म्हटले, त्यांच्याच पक्षाच्या सुझन कॉलिन्स आणि लिंडसी ग्रॅहम यांनीही म्हटले, आणि प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. गुणपत्रिका अशा मताला पर्यावरणाच्या बाजूची खूण देते आणि ते योग्यच आहे. पण मकेन यांचे म्हणणे असे होते की हा नियम जाचक आहे, मात्र अशा रीतीने रद्द केला तर पुढच्या कोणत्याही सरकारला तसा नियम करण्याची वाट बंद होईल, म्हणून आपला विरोध. पर्यावरण नियमनाविषयी एखाद्या लोकप्रतिनिधीची भूमिका म्हणून मला हे वाक्य त्या हिरव्या खुणेपेक्षा कितीतरी अधिक सांगते. नियम आवडत नाही, पण नियम करण्याचा अधिकार शाबूत राहिला पाहिजे. असे म्हणणारा माणूस कोणत्या प्रसंगी आपल्या बाजूने येईल आणि कोणत्या प्रसंगी येणार नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. खुणेवरून तो येत नाही.

‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत भूमिका पकडण्याची ही मर्यादा फक्त या संस्थेची नाही, ती मतदानाच्या नोंदीचीच आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २१ जानेवारी २०१५ चा दिवस. कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या विधेयकावर चर्चा चालू असताना हवामान बदलाविषयीच्या दुरुस्त्या एकामागून एक मतदानाला आल्या. हवामान बदल हे वास्तव आहे, थोतांड नव्हे, ही दुरुस्ती ९८ विरुद्ध १ मताने मंजूर झाली. बदलाला मानवी व्यवहारांचा हातभार लागतो, असे म्हणणाऱ्या दुरुस्तीला ५९ मते पडली, म्हणजे लागणाऱ्या साठाला एक कमी. आणि हाच हातभार ‘लक्षणीय’ आहे असे म्हणणाऱ्या दुरुस्तीला ५०. अवघ्या एका शब्दापाशी नऊ सिनेटर थबकले. ९८ मध्ये ओक्लाहोमाचे जेम्स इनहोफही होते. हवामान सतत बदलतच आले आहे, असा त्या वाक्याचा अर्थ लावून त्यांनी ‘हो’ म्हटले आणि महिनाभराने सभागृहात बर्फाचा गोळा आणून तापमानवाढीच्या काळजीवर शंका घेतली. उमेदवार जेव्हा प्रचारात म्हणतो की हवामान बदल होतो आहे हे मला मान्य आहे, तेव्हा तो या तीन वाक्यांपैकी कोणत्या वाक्यापाशी उभा आहे, हे विचारायला मी त्या दिवसाच्या नोंदीवरून शिकले.

उलट दिशेनेही फसगत होते. २६ जून २००९ रोजी प्रतिनिधिगृहात वॅक्समन-मार्की विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले. उत्सर्जनावर मर्यादा घालणारे विधेयक एखाद्या सभागृहाने मंजूर करण्याची ती पहिली वेळ. विरोधातल्या २१२ मध्ये ओहायोचे डेनिस कुसिनिच होते, आणि त्यांची तक्रार होती ती विधेयक फार दुबळे असल्याची. नोंदीत ते आणि हवामान बदल मुळातच न मानणारे सदस्य एकाच रकान्यात दिसतात. त्याहून चमत्कारिक नोंद २६ मार्च २०१९ ची आहे. ‘ग्रीन न्यू डील’ या हवामान बदलावरच्या व्यापक कार्यक्रमाचा ठराव सिनेटमध्ये बाजूने ० आणि विरोधात ५७ अशा मतांनी पुढे जाऊ शकला नाही. ज्याला आधीचे काही ठाऊक नाही तो म्हणेल की याला एकाचाही पाठिंबा नव्हता. प्रत्यक्षात हे मतदान बहुमतातल्या पक्षाने विरोधकांना अडचणीत आणण्यासाठी लावले होते आणि ४३ जणांनी निषेध म्हणून फक्त ‘हजर’ अशी नोंद केली. रोजच्या संसदीय डावपेचांतली अशी मते गाळून खरी मते निवडण्यासाठी जाणकारांची समिती लागते, आणि इथे या सेवेचे मोल मान्य करावे लागते. नुसती सरकारी मतनोंद वाचून हे कळणे कठीण आहे.

एका ‘हो’मागे केवढी देवघेव असू शकते हे आम्ही ॲरिझोनावाल्यांनी २०२२ मध्ये पाहिले. ७ ऑगस्टला ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० असा, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने मंजूर झाला. ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद असलेला हा कायदा या विषयावरची अमेरिकेची आजवरची सर्वांत मोठी गुंतवणूक मानला गेला. आमच्या तेव्हाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांचे मत शेवटपर्यंत टांगणीला होते. गुंतवणूक निधी चालवणाऱ्यांच्या करसवलतीला हात लावणारे कलम त्यांनी काढायला लावले, आणि कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातल्या दुष्काळासाठी ४ अब्ज डॉलर मिळवले. नदीचे पाणी आटल्यामुळे त्याच वर्षी इतिहासात पहिल्यांदा आमच्या राज्याच्या वाट्यात अधिकृत कपात लागू झाली होती, तेव्हा त्या चार अब्जांचे महत्त्व इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गुणपत्रिकेत हे सगळे एका खुणेत उरकते. ती खूण चुकीची नाही, पण मतदाराला सिनेमा यांच्याविषयी जे समजून घ्यायचे आहे ते तिच्या बाहेर आहे.

निःपक्षपणाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. ही संस्था तटस्थ परीक्षक नाही आणि तसा दावाही ती करत नाही. ती उमेदवारांना जाहीर पाठिंबा देते, निवडणुकांत पैसा खर्च करते, आणि ज्यांना पाडायचे त्यांची ‘डर्टी डझन’ ही यादी १९९६ पासून प्रसिद्ध करते. जी परीक्षा घेते तीच प्रचारही करते म्हटल्यावर प्रश्नपत्रिका कोण काढते याकडे लक्ष ठेवावे लागते. कोणती मतदाने निवडायची हाच खरा निर्णय असतो, बाकी सगळी बेरीज. त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे अमेरिकन एनर्जी अलायन्स या विरुद्ध टोकाच्या संस्थेची ऊर्जाविषयक गुणपत्रिका शेजारी उघडून ठेवणे. पुष्कळदा एकच मतदान दोन्हीकडे सापडते, एकीकडे पुण्य म्हणून आणि दुसरीकडे पाप म्हणून, आणि दोन्हीकडची स्पष्टीकरणे वाचली की त्या मतदानात नेमके काय पणाला लागले होते हे चांगले कळते. मतनोंदीचे आकडे दोन्हीकडे तेच असतात आणि ते सरकारी नोंदीशी पडताळून पाहता येतात, म्हणून माझा विश्वास ओळींवर आहे, टक्क्यांवर कमी.

आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षे वाढत गेली आहे. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यातल्या मोठ्या दुरुस्त्या प्रतिनिधिगृहात ४०१ विरुद्ध २५ आणि सिनेटमध्ये ८९ विरुद्ध १० अशा मतांनी मंजूर झाल्या आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी त्यावर सही केली. आम्लपावसाला कारणीभूत गंधक वायूवर मर्यादा आणि परवान्यांची खरेदी-विक्री ही कल्पना त्याच कायद्याने देशभर लागू केली. अशा काळात सदस्यागणिक गुण मोजण्याला अर्थ होता, कारण पक्षावरून मत ओळखता येत नव्हते. आज बहुसंख्य सदस्य शंभराच्या नाहीतर शून्याच्या आसपास दाटीवाटीने उभे आहेत, आणि नावापुढचा पक्ष वाचला तरी टक्के जवळपास सांगता येतात. त्यामुळे दोन वेगळ्या पक्षांच्या उमेदवारांमधली निवड करताना ही गुणपत्रिका फारसे नवे काही सांगत नाही. ती उपयोगी पडते ती पक्षांतर्गत निवडणुकीत, जिथे एकाच पक्षाचे चार जण समोर असतात आणि त्यांतले एखाद-दोघे पूर्वी संसदेत बसलेले असतात.

संसदेत कधी बसलाच नाही अशा उमेदवाराला मात्र तिच्यात जागा नाही, आणि माझी सर्वांत मोठी निराशा इथे आहे. राज्यपाल, उद्योजक, नव्याने राजकारणात आलेला कुणीही राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर त्याचे पान रिकामे असते. शिवाय पर्यावरणाचे नियमन मुख्यतः कायदेमंडळाबाहेर घडते. हरितगृह वायूंचे नियमन स्वच्छ हवा कायद्याखाली येते असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, आणि वीजकेंद्रांबाबत ईपीएचा हात किती लांब जाऊ शकतो यावर २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी बंधन घातले. न्यायाधीश कोण नेमतो आणि ईपीएचा प्रमुख कोण होतो, यावर हवेचा दर्जा ठरतो. नेमणुकांवरची सिनेटची मते गुणपत्रिकेत घेतली जातात, हे मी तिच्या जमेला धरते. ज्यांनी ओक्लाहोमाचे महाधिवक्ता असताना ईपीएविरुद्ध वारंवार खटले भरले, त्या स्कॉट प्रुइट यांची २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या प्रमुखपदी ५२ विरुद्ध ४६ मतांनी नेमणूक झाली. पर्यावरणविषयक भूमिका तपासायला याहून नेमके मतदान मिळणे कठीण होते.

आमच्या राज्यात तर सर्वांत महत्त्वाचे पद गुणपत्रिकेच्या पूर्ण बाहेर आहे. ॲरिझोना कॉर्पोरेशन कमिशनचे पाच सदस्य राज्यभरातून थेट निवडून येतात, आणि बहुतेक मोठ्या वीज कंपन्यांचे दर आणि त्यांनी वीज कशातून बनवावी याचे नियम तेच ठरवतात. २०२५ पर्यंत १५ टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवावी हा नियम २००६ मध्ये याच कमिशनने केला, आणि थकबाकीसाठी भर उन्हाळ्यात कुणाच्याही घराची वीज तोडता येणार नाही हा तातडीचा नियम २०१९ मध्ये याच कमिशनने केला. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी घरातला एसी चालू राहणे किंवा न राहणे या पाच खुर्च्यांशी जोडलेले आहे. टेक्सासमध्ये तेल आणि वायूचे नियमन करणाऱ्या निर्वाचित मंडळाचे नाव आजही रेलरोड कमिशन आहे, रेल्वेशी त्याचा काही संबंध उरलेला नसताना, त्यामुळे तिथला नवा मतदार ते नाव वाचून सहज पुढे जात असेल. सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेची ग्रँड कॅन्यन शाखा आमच्या राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना अक्षरश्रेणी देते आणि ते पुष्कळ उपयोगी आहे, पण कमिशनच्या उमेदवारांसाठी निवडणूक आयोगासारख्या सार्वजनिक संस्थेने घेतलेले वादसंवाद तासभर बसून ऐकण्याला पर्याय नाही.

एकंदरीत, पाचांपैकी साडेतीन. नोंदी चोख, स्पष्टीकरणे वाचनीय, संग्रह अमूल्य, किंमत काही नाही. वजावट आहे ती गैरहजेरीच्या सरसकट हिशेबासाठी आणि वरच्या त्या ठळक आकड्यासाठी, कारण घाईतला माणूस तेवढाच वाचून उठतो. संसदेत असलेल्या किंवा राहून गेलेल्या उमेदवारासाठी ही सेवा जरूर वापरावी. पान उघडल्यावर टक्के सोडून द्यावेत, आपल्या राज्याशी संबंधित चार मतदाने निवडावीत आणि त्यांच्याच ओळी शेवटपर्यंत वाचाव्यात.

ताई आता तसेच करते. मतपत्रिका आली की ती छापलेल्या पानाचा वरचा भाग टक्क्यांसकट मागे दुमडते आणि खालच्या ओळींवर पेन्सिलने खुणा करत जाते. कॉर्पोरेशन कमिशनच्या उमेदवारांसाठी तिने एक शंभर पानी वही केली आहे. वादसंवाद ऐकताना कोण उन्हाळ्यातल्या वीजतोडणीबद्दल काय बोलले, एवढे एकच ती त्यात लिहून ठेवते.